राउटर उलटा करा, मग पैसे द्या: ओपनडब्ल्यूआरटी चालणारं मॉडेल कसं निवडायचं

दुकानात राउटर मागितला की समोर अँटेनांची संख्या ठेवली जाते. चार अँटेना म्हणजे भारी, सहा म्हणजे त्याहून भारी. ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरमध्ये कंपनीच्या फर्मवेअरच्या (आतल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) जागी बसणारं खुलं सॉफ्टवेअर, टाकायचं असेल तर हा हिशेब पूर्ण बाजूला ठेवा. बुडाखालच्या स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जन कोणतं, फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा) आणि रॅम (चालू कामाची मेमरी) किती, वायफायची चिप कोणाची, आणि फर्मवेअर बसवताना बिघाड झाला तर पेटी न खोलता राउटर परत जिवंत करता येतो का, एवढंच बघायचं. यातली शेवटची गोष्ट आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाची आहे. धारणी, झरी जामणी किंवा भामरागडच्या एखाद्या गावात राउटर बंद पडला तर सर्किटला सिरियल केबल लावून देणारा माणूस जवळपास मिळत नाही.

हा खटाटोप कशासाठी, ते थोडक्यात. कंपनी स्वस्त राउटरला काही वर्षं अपडेट देते आणि मग विसरते. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमधलं फर्मवेअर लिनक्सवर होतं, म्हणून लायसन्सप्रमाणे २००३ साली कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. आज जुन्या राउटरलाही त्यातून नवी सुरक्षा मिळते. गावातल्या कामासाठी दोन फायदे तर लगेच दिसतात. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली की यूएसबीला जोडलेल्या मोबाइलवरून नेट चालू ठेवता येतं. आणि आपले सरकार सेवा केंद्रात एका लॅपटॉपवर मोठं डाउनलोड सुरू असतानाही शेजारच्या टेबलावरचं आधार प्रमाणीकरण अडकत नाही.

आधी ओएनटी आणि राउटर वेगळे ओळखा

भिंतीवर फायबरची पिवळी किंवा काळी वायर जिच्यात जाते ती पेटी म्हणजे ओएनटी. तिच्यात वायफाय असलं तरी तिला हात लावायचा नाही. ती कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेली असते आणि अशा पेट्यांवर ओपनडब्ल्यूआरटी सहसा चालतच नाही. आपला राउटर तिच्यामागे लावायचा: ओएनटीच्या लॅन पोर्टमधून (घरातली उपकरणं जोडायच्या) केबल काढायची आणि राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून नेट येणाऱ्या) घालायची. जुन्या टेलिफोन लाईनवरचे मोडेम-राउटर एकत्र असलेले डबेही या कामासाठी घेऊ नका. त्यातल्या बहुतेकांच्या डीएसएल चिपला खुला ड्रायव्हर नाही.

नाव एक, आतला माल वेगळा

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. कंपन्या तेच मॉडेल नाव ठेवून आतला बोर्ड बदलतात. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन घ्या. व्हर्जन १३ मध्ये ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम आहे. व्हर्जन १४ बाहेरून तसाच दिसतो, पण आत ४ एमबी आणि ३२ एमबी. म्हणजे नवा नंबर घेतला आणि माल अर्ध्यावर आला. टीपी-लिंकच्याच आर्चर सी६ मध्ये व्हर्जन २ ला क्वालकॉमची चिप आहे, व्हर्जन ३ ला मीडियाटेकची. एकाची फाइल दुसऱ्यावर चालत नाही.

व्हर्जन बघायचं ते राउटरच्या बुडाखालच्या स्टिकरवर. मॉडेल नंबरच्या शेजारी बारीक अक्षरात 'व्हर' आणि पुढे आकडा असतो. बॉक्सच्या बाजूच्या बारकोड स्टिकरवरही तो असतो, पण जुन्या बॉक्समध्ये दुसरा राउटर भरून विकलेला असू शकतो, म्हणून राउटरवरचाच आकडा खरा धरा. ३.२० दिसलं तर ते व्हर्जन ३ च्या घरातलं. व्हर्जनच्या आधी देशाचा कोड असेल तर तोही टिपून घ्या. काही राउटर फाइल घेताना आतली देश-यादी तपासतात आणि दुसऱ्या देशाची फाइल नाकारतात.

ऑनलाइन घेताना इथेच अडचण येते. पानावर व्हर्जन बहुधा लिहिलेलं नसतं आणि फोटो जुन्या मालाचा असतो. परत करायची सोय असेल तरच मागवा. पार्सल आलं की वीज जोडण्याआधी स्टिकर वाचा. नागपूरला जाणं होणार असेल तर सीताबर्डीतल्या दुकानात बॉक्स हातात घेऊन वाचून घेणं कधीही बरं.

आकडा मिळाला की मोबाइलवर ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवरची 'टेबल ऑफ हार्डवेअर' ही यादी उघडा आणि मॉडेल व व्हर्जन दोन्ही जुळवा. यादीतले तीन रकाने नीट वाचायचे. पहिला, सध्याची चालू आवृत्ती कोणती. तिथे २४.१० सारखा आकडा असेल तर उत्तम. ही आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. तिथे 'स्नॅपशॉट' लिहिलं असेल तर ती अजून विकासातली फाइल आहे. तिच्यात लुसी हे सेटिंग करायचं वेबपान आधीपासून नसतं, ते कमांड देऊन बसवावं लागतं. पहिल्यांदाच करणाऱ्याने अशा मॉडेलच्या नादी लागू नये. दुसरा रकाना 'अनसपोर्टेड फंक्शन्स', म्हणजे न चालणाऱ्या गोष्टी. तिथे ५ गिगाहर्ट्झ वायफायचं नाव असेल तर राउटर खाली ठेवा. तिसरा रकाना फ्लॅश आणि रॅमचा.

किती मेमरी लागते

४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचा राउटर फुकट मिळाला तरी या कामाला घेऊ नका. त्या वर्गासाठी १९.०७ ही शेवटची अधिकृत आवृत्ती होती आणि तिचे सुरक्षा अपडेट कधीच थांबले. ८ आणि ६४ वर आजही काहीबाही बसतं, पण लुसी टाकल्यावर यूएसबी मोबाइलचा ड्रायव्हर किंवा ट्रॅफिकची शिस्त लावणारं (एकाच्या डाउनलोडने बाकीचे अडकू नयेत म्हणून वेग वाटून देणारं) पॅकेज टाकायला जागाच उरत नाही. ६४ एमबी रॅमवर क्वालकॉमचं ५ गिगाहर्ट्झ वायफाय चालवलं तर त्याचा ड्रायव्हरच इतकी रॅम खातो की पाच-सात मोबाइल जोडले की राउटर रीस्टार्ट होतो. लोक अडॅप्टर बदलत बसतात, दोष रॅमचा असतो.

आज पैसे खर्च करायचे तर किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम. वायफाय ६ चा घेत असाल तर २५६ एमबी रॅम असलेला मिळतो का बघा. १२८ एमबी फ्लॅशचे राउटर नँड मेमरीचे असतात, त्यात जागेची चिंता राहत नाही.

चिप

मीडियाटेकला पहिली पसंती द्या. एमटी७६२८ ही जुनी, एका गाभ्याची (कोअरची), १०० एमबीपीएस पोर्टांची चिप. ३०-४० एमबीपीएसच्या प्लॅनपुरती ठीक. एमटी७६२१ मध्ये दोन गाभे आणि गिगाबिट पोर्ट आहेत. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला, ट्रॅफिकची शिस्त लावूनसुद्धा, ती आरामात पुरते, आणि गावातल्या बहुतेक जोडण्यांना याच्या वरचं काही लागत नाही. एमटी७९८१ ही वायफाय ६ ची नवी चिप, १.३ गिगाहर्ट्झचे दोन एआरएम गाभे. व्हीपीएन चालवायचा असेल किंवा प्लॅन मोठा असेल तर ही. क्वालकॉम अथेरॉसचे जुने राउटरही टिकाऊ आहेत. आर्चर सी७ व्हर्जन २ किंवा ५ चांगल्या स्थितीत सेकंडहँड मिळाला तर घ्यायला हरकत नाही.

ब्रॉडकॉमच्या वायफायला खुला ड्रायव्हर नीट मिळत नाही आणि रिअलटेकच्या स्वस्त वायफाय राउटरांचंही तेच. टीपी-लिंकचा आर्चर एएक्स१० वायफाय ६ म्हणून विकला जातो, पण आत ब्रॉडकॉम असल्याने आपल्या उपयोगाचा नाही. त्याच घराण्यातला आर्चर एएक्स२३ व्हर्जन १ मात्र एमटी७६२१ वर आहे आणि अधिकृत यादीत आहे. म्हणून कंपनीच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक मॉडेल यादीत शोधायचं.

मोडला तर परत कसा उठतो

यादीतल्या मॉडेलच्या नावावर टिचकी मारली की त्याचं स्वतंत्र पान उघडतं. त्यात 'डिब्रिकिंग' किंवा 'रिकव्हरी' नावाचा भाग शोधा आणि विकत घेण्याआधी वाचा. तिथे फक्त सिरियलचा मार्ग दिला असेल तर ते मॉडेल सोडा.

सोपे मार्ग असे असतात. काही राउटरांत रीसेटचं बटण दाबून ठेवत वीज सुरू केली की बूटलोडरचंच (राउटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं) वेबपान उघडतं. त्यात फाइल टाकली की काम झालं. डी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत, टीपी-लिंकच्या नव्या काही मॉडेलांत आणि जीएल.आयनेटच्या राउटरांत ही सोय आहे. टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत टीएफटीपीचा (केबलवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीचा) मार्ग आहे: लॅपटॉपला ठराविक आयपी द्यायचा (जुन्या आर्चर सी७ ला १९२.१६८.०.६६, एमटी७६२८ च्या मॉडेलांना १९२.१६८.०.२२५), फाइलला ठराविक नाव द्यायचं, लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर सुरू ठेवायचा आणि रीसेट दाबून राउटर चालू करायचा. राउटर स्वतः फाइल ओढून घेतो. हे फसतं ते बहुधा दोन कारणांनी. विंडोजचा फायरवॉल बंद केलेला नसतो. किंवा राउटर सुरू होताना लॅपटॉपचा पोर्ट जागा व्हायला दोन-तीन सेकंद घेतो, तेवढ्यात राउटर फाइल मागून मोकळा झालेला असतो. मध्ये एक साधा पाच पोर्टचा स्विच लावला की दुसरी अडचण जाते, कारण लॅपटॉपची लिंक स्विचशी कायम जोडलेली राहते.

शाओमीच्या राउटरांचं वेगळं आहे. 'मी राउटर ४सी' (१६ एमबी फ्लॅश, ६४ एमबी रॅम, फक्त २.४ गिगाहर्ट्झ) आणि ४ए गिगाबिट यांच्या वेबपानातून बाहेरची फाइल थेट टाकता येत नाही, आधी त्यांचं कुलूप तोडणारी स्क्रिप्ट चालवावी लागते. ४ए गिगाबिटचे दोन वेगळे व्हर्जन आहेत आणि एकाची फाइल दुसऱ्यावर टाकली की राउटर मेलाच. कमांड लाइनची सवय असलेल्यांनीच हे घ्यावेत.

ऊन, लाईन आणि वीज पडणं

बहुतेक घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ० ते ४० अंश असतं. मे महिन्यात चंद्रपूर, वर्धा, नागपूर पट्ट्यात बाहेरच पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या खाली त्याहून जास्त. म्हणून खाली आणि बाजूंना भरपूर जाळी असलेला राउटर निवडा, गुळगुळीत बंद डबा नको. तो आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, उभा टांगा. इन्व्हर्टरच्या वर किंवा टिनाला लागून ठेवू नका. उन्हाळ्यात दुपारीच वायफाय गळत असेल आणि रात्री नीट चालत असेल तर फर्मवेअरला दोष देण्याआधी जागा बदलून बघा.

अडॅप्टरवरचे आकडे वाचा. ९ व्होल्ट ०.६ अँपिअरच्या राउटरला मिनी यूपीएस मिळवताना त्रास होतो. १२ व्होल्टचा राउटर घेतला तर बाजारातला कोणताही १२ व्होल्टचा मिनी यूपीएस चालतो. त्याचा अँपिअर अडॅप्टरएवढा किंवा जास्त हवा, पिनचा आकार (बहुधा ५.५ बाय २.१ मिलिमीटर) जुळायला हवा आणि मधलं टोक प्लस हवं. ओएनटीलाही यूपीएसवर घ्या, नाहीतर लाईन गेल्यावर वायफाय दिसेल पण नेट नसेल. वावरात सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर राउटर थेट जोडू नका. चार्ज होताना ती १४ व्होल्टच्या वर जाते. मध्ये १२ व्होल्टचा रेग्युलेटर लावा. अशा जागी ५ व्होल्ट यूएसबीवर चालणारे जीएल.आयनेटचे छोटे राउटर सोयीचे. मँगो नावाने ओळखला जाणारा जीएल-एमटी३००एन-व्ही२ पॉवर बँकेवरही चालतो, त्यात १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम आहे, आणि तो येतोच ओपनडब्ल्यूआरटीवर आधारलेल्या फर्मवेअरसह.

मोबाइल किंवा डोंगल जोडायचा विचार असेल तर यूएसबी पोर्ट असलेलंच मॉडेल घ्या. ४जी डोंगल जोर लावतो तेव्हा बराच करंट ओढतो. राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्ट १ अँपिअरचा असेल तर दोघांना मिळून तो कमी पडू शकतो आणि डोंगल दर थोड्या वेळाने गायब होतो.

मृगाच्या आधीच्या वादळांत वीज जवळ पडली की ज्या पोर्टला लांबची तांब्याची केबल जोडलेली असते तो पोर्ट जातो. ढग गडगडायला लागले की अडॅप्टरसोबत ती केबलही काढा. मात्र सेकंडहँड राउटरचा फक्त वॅन पोर्ट जळला असेल आणि बाकीचे पोर्ट चालत असतील तर तो स्वस्तात घ्यायला हरकत नाही. एमटी७६२१ सारख्या चिपवर ओपनडब्ल्यूआरटीत कोणताही लॅन पोर्ट वॅन म्हणून नेमता येतो. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये ही सोय सहसा नसते. घेण्याआधी लॅपटॉप आणि केबल नेऊन एकेक पोर्टचा दिवा पेटतो का ते बघा, रीसेट बटण दाबल्यावर टिक्क लागतं का ते बघा, आणि अडॅप्टर मल्टिमीटरने मोजा. १२ च्या जागी ११ च्या खाली दाखवत असेल तर अडॅप्टर नवा घ्या.

बसवताना

राउटर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्या. फाइल लिहिली जात असताना लाईन गेली की राउटर अर्धवट राहतो. मोबाइलवरून वायफायने करू नका, लॅन केबलच लावा, आणि ती लॅन पोर्टमध्येच, वॅनमध्ये नाही.

साइटवरच्या फर्मवेअर सिलेक्टरमध्ये मॉडेल टाकलं की दोन प्रकारच्या फाइली दिसतात. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना 'फॅक्टरी', आधीच ओपनडब्ल्यूआरटी असेल तर 'सिसअपग्रेड'. उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइल पूर्ण आणि बरोबर उतरली का ते सांगणारा) पानावरच्या आकड्याशी जुळवा. विंडोजवर ७-झिप असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून मिळतो. खेड्यातल्या नेटवर फाइल अर्धवट उतरणं नवीन नाही, त्यामुळे ही पायरी गाळू नका. जुन्या टीपी-लिंकच्या पानाला लांब नावाची फाइल चालत नाही. नाव लहान करून द्या.

फाइल दिल्यावर पाच मिनिटं काहीही करू नका. मग लॅपटॉपचा आयपी आपोआप मिळेल असा ठेवून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. वापरकर्ता 'रूट', पासवर्ड रिकामा. वायफाय दिसत नाही म्हणून घाबरू नका, ओपनडब्ल्यूआरटीत ते सुरुवातीला बंदच असतं. आधी पासवर्ड ठेवा. मग 'नेटवर्क', 'वायरलेस' मध्ये जाऊन देश 'इंडिया' निवडा, डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र डब्ल्यूपीए३ लावा आणि सुरू करा. मातीच्या जाड भिंतींच्या घरात २.४ गिगाहर्ट्झ, २० मेगाहर्ट्झ रुंदीचं ठेवा. ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीतच दम तोडतं.

यानंतर ओएनटी जोडली आणि नेट आलंच नाही, असं फार वेळा होतं. कारण ठरलेलं आहे: ओएनटीचाही पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि दोन्ही एकाच पत्त्यावर भांडतात. 'इंटरफेसेस' मध्ये लॅनचा पत्ता १९२.१६८.५.१ करा, सेव्ह करा आणि लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावा. बदल दिल्यावर नव्या पत्त्यावर दीड मिनिटात पुन्हा लॉगिन झालं नाही तर लुसी तो आपोआप मागे घेते. त्यामुळे पान अडकल्यासारखं दिसलं तर 'अनचेक्ड' लागू करायचा पर्याय निवडा. ओएनटी ब्रिज मोडमध्ये असेल (लॉगिन स्वतः न करता नेट नुसतं पुढे देत असेल) तर वॅनला पीपीपीओई ही लॉगिनची पद्धत निवडून ऑपरेटरने दिलेलं नाव आणि पासवर्ड टाका, आणि व्हीलॅनचा नंबर लागतो का ते त्यालाच विचारा. तो गावोगाव वेगळा असतो.

मोबाइलवरून पर्यायी नेटसाठी अँड्रॉइडच्या यूएसबी टिदरिंगचा आरएनडीआयएस ड्रायव्हर बसवा. फायबर चालू असतानाच बसवून ठेवा, तुटल्यावर पॅकेज उतरवायला नेट कुठून आणणार? ट्रॅफिकची शिस्त लावण्यासाठी लुसीचं एसक्यूएम पॅकेज टाका, वॅन इंटरफेस निवडा, क्यू शिस्त 'केक' ठेवा. वेग मोजून त्याच्या ८५ ते ९० टक्के आकडा किलोबिटमध्ये भरा: ४० एमबीपीएस येत असेल तर ३५०००. संध्याकाळी वेग पडत असेल तर संध्याकाळचा आकडा धरा. शंभर टक्के भरलं तर रांग पुन्हा ऑपरेटरच्या बाजूला साचते आणि एसक्यूएम असून नसल्यासारखं होतं.

सगळं बसलं की 'बॅकअप' मधून सेटिंगची फाइल उतरवा, आणि त्याच फोल्डरमध्ये कंपनीचं मूळ फर्मवेअर, फॅक्टरी फाइल आणि मॉडेलच्या रिकव्हरी पानाची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. राउटर बंद पडतो तेव्हा हे पान उघडायला नेट नसतं.